पिकअपला उंच टायर घातले, त्याला नऊ महिने झाले

जानेवारीत टायर बदलले, आता ऑक्टोबर. मीटरवर १४,००० किलोमीटर झालेत. घर साताऱ्यात आणि शेत बामणोलीच्या अलीकडं, त्यामुळं आठवड्यातून दोन-तीनदा यवतेश्वरचा घाट चढून कासवरून जाणं-येणं असतं. शेवटचा तुकडा पावसाळ्यात नुसता लाल चिखल, मधे उघडे पडलेले दगड. गाडीचं पोट तिथं दरवर्षी टेकायचं. टायर मोठे करायचं ठरवलं ते त्यासाठी.

गाडी डबल कॅब, फोर बाय फोर. कंपनीचा साइज २४५/७० आर १६, म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १६ इंची. ज्याला विचारावं तो २६५/७० घाला म्हणायचा. कराडच्या मित्राकडं त्या साइजचा जोड रिमसकट होता, म्हणून विकत घेण्याआधी पुढं लावून बघितला. सरळ रस्त्याला काहीच वाटलं नाही. घरी येऊन अंगणात रिव्हर्स घेताना स्टेअरिंग पूर्ण डावीकडं कापलं आणि उजव्या चाकामागून खर्रर्र आवाज आला.

नेमकं कुठं घासतंय हे आवाजावरून कळत नाही. टायरच्या खांद्याला, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेला, मुलीचा खडू चोळला, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण कापून गाडी पुढं-मागं केली आणि मोबाईलचा उजेड टाकून आत बघितलं. मडगार्डाच्या आतल्या प्लास्टिकला, मागच्या खालच्या कोपऱ्यात, मडफ्लॅप जिथं स्क्रूनं धरलाय तिथं बोटभर लांबीचा पांढरा पट्टा उमटला होता. कमानीला वर एक ठिपकाही नव्हता. त्या पट्ट्यानं माझं सगळं गणित बदललं. मी तोवर उंचीची काळजी करत होतो, आणि घासत होता तो टायरचा बाहेरचा खांदा.

मग कागद घेऊन बसलो. २४५/७० ची उंची साधारण ७४९ मिमी, २६५/७० ची ७७७. पण २४५/७५ घेतला तर ७७४ मिळतात आणि रुंदी एक मिलिमीटरही वाढत नाही. २६५ मध्ये रुंदी २० मिमीनं वाढते, त्यातले दहा बाहेरच्या अंगाला, म्हणजे बरोबर त्या मडफ्लॅपकडं. तीन मिलिमीटर जादा उंचीसाठी एवढं कशाला? शिवाय २४५/७५ आर १६ हा साइज थारला येतो, त्यामुळं मिळायलाही अडचण नाही. ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि चिखल दोन्हीला चालणारे घेतले. लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलायचा आकडा ११२, त्याचा अर्थ एका टायरला ११२० किलो. पिकअपला हा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी घेऊ नये. दुकानदार आपणहून सांगत नाही.

दुकानात मला स्पेसर, म्हणजे चाक आणि हबच्या मधे बसणारी जाड चकती, टाकायचा आग्रह झाला. मी ठाम नाही म्हणालो. स्पेसरनं चाक बाहेर सरकतं आणि स्टेअरिंग कापल्यावर मोठा घेर घेतं, म्हणजे जिथं घासतंय तिथं आणखी घासणार. बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

२४५/७५ बसवल्यावरही मी लगेच निर्धास्त झालो नाही. उंची वाढली की टायर मागंही थोडा जवळ येतोच. यावेळी कणकेचा सुपारीएवढा गोळा त्याच कोपऱ्यात चिकटवला आणि स्टेअरिंग कापून गाडी हळू मागं घेतली. गोळा दबून चपटा झाला, मोजला तर जेमतेम चार मिलिमीटर. घासत नव्हतं, पण चिखल बसला की चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मिस्त्रीनं मडफ्लॅपचा आतला कोपरा कापला, हीट गननं प्लास्टिक मऊ करून मागं दाबलं आणि ते गार होईपर्यंत लाकडाचा ठोकळा लावून धरलं. नंतर अलाइनमेंटला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन, मर्यादेच्या आत राहून थोडा वाढवून घेतला. त्यानं चाक कमानीत किंचित पुढं येतं आणि मागची जागा वाढते. पुन्हा कणीक लावली, तेरा मिलिमीटर भरले.

खरी परीक्षा ओझ्यानं होते. हौद्यात खताची वीस पोती, आत चार माणसं, आणि केळघर घाटातली उतरणीची वळणं. ब्रेक दाबून वळताना पुढचं नाक खाली बसतं, टायर कमानीत वर जातो. एकदाही आवाज आला नाही. पावसाळ्यात फक्त एकदा आला, जुलैत. उतरून बघतो तर प्लास्टिक आणि टायरच्या मधे गवतासकट चिखलाचा गच्च थर. पहारीच्या टोकानं काढला, आवाज बंद. पोट मात्र यंदा दोनदाच टेकलं. क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, वाढला तो फक्त बारा मिलिमीटर, टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्मा, पण त्या दगडांवर तेवढ्यानं फरक पडला.

आता तोटे. यवतेश्वर चढताना दुसऱ्या गिअरला गाडी पूर्वीपेक्षा लवकर दमते, भरलेली असेल तर पहिला टाकावा लागतो. हायवेला ऐंशीच्या पुढं टायरचा घुमल्यासारखा आवाज येतो. मीटर ८० दाखवतं तेव्हा वेग ८२-८३ असतो, कॅमेऱ्याच्या पट्ट्यात हे ध्यानात ठेवा. ॲव्हरेजमध्ये मीही आधी फसलो. पूर्वी १२.२ मिळायचं, आता हिशेब ११.२ येतो. पण मीटर अंतरच कमी मोजतंय, ३.३ टक्के धरले तर खरं ॲव्हरेज ११.६ च्या आसपास आहे.

स्टेपनीवर पैसे वाचवले, ती चूक झाली. मार्चमध्ये पंक्चर झाल्यावर जुन्या साइजची स्टेपनी पुढं लावली आणि शेतात फोर व्हीलमध्ये टाकायची वेळ आली. चारही चाकांचा घेर सारखा नसेल तर फोर व्हीलमध्ये ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरन्शियलवर ताण येतो, म्हणून टाकलं नाही. गाडी बांधावर सोडून चालत गेलो. पुढच्याच आठवड्यात पाचवा टायर घेतला. हौद्याखाली तो बसतो, फक्त साखळी पूर्ण ताणायच्या आधी एक्झॉस्टच्या पाइपला लागत नाही ना, हे खाली झोपून बघावं लागतं.