आगरोधक प्लाय : गादीच्या दुकानात नऊ महिने वापरल्यावर

चोपड्यात आमचं गाद्या भरायचं दुकान आहे. मागे पिंजण मशीन, पुढे गिऱ्हाईक, मधे प्लायचं पार्टिशन. जुन्या गादीच्या कापसात खिळा नाहीतर खडा निघाला आणि मशीनच्या दातात आला की ठिणगी उडते. मागच्या वर्षी तशीच उडाली. माणसं वाचली, पार्टिशन गेलं. दिवाळीनंतर १२ मिलिमीटरचं आगरोधक प्लाय बसवलं.

दुकानदार आधी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का दाखवून ‘भारीतलं’ म्हणत होता. ते मरीन प्लाय, पाण्यासाठीचं. आगीचं मानक आयएस ५५०९. शिक्का बघूनच घ्या. मला साध्यापेक्षा दीडपट पैसे पडले. कापताना मिस्त्रीची पाती बोथटली. म्हणाला, “भाऊ, हाई लाकूड शे का दगड?”

उरलेला तुकडा घरी गॅसवर धरला. “भाकरी करू की तुमचं लाकूड भाजू?” असं ऐकून घेतलं. साधा तुकडा गॅस बंद केल्यावरही जळत राहिला. हा काळा पडला, नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, आणि ज्योत काढल्यावर विझला. जळत नाही असं नाही, पेटायला नाखूश आहे इतकंच. या प्लायमध्ये आगरोधक औषधं मुरवलेली असतात. त्यातल्या फॉस्फेटमुळे लाकूड लवकर कोळसा धरतं, त्यामुळे पेटणारा वायू कमी सुटतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड तापल्यावर वितळून काचेसारखा थर धरतात. नुसता बोरॅक्स ज्योत रोखतो, पण आतली धग राहते. ती बोरिक दाबतं, म्हणून दोन्ही मिसळतात.

एवढं कळल्यावर मला शहाणपण सुचलं. टाकणखार (म्हणजे बोरॅक्सच) आणि कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून जुन्या कपाटाच्या प्लायला ब्रशने तीन हात दिले. वाया गेलं. पाणी वरच्या पापुद्र्यातच मुरलं, डिंकाच्या थरापुढे सरकलं नाही. पेटवून पाहिलेला तुकडा जरा उशिरा पेटला, पण पेटला. कारखान्यात हे द्रावण दाबाखाली आत घालतात, किंवा चिकटवायच्या आधी पातळ पापुद्रेच त्यात भिजवतात.

आता तक्रार. मी पावसाळ्याला घाबरत होतो, दगा दिला कूलरने. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास, कूलर दिवसभर चालू, आणि तो थेट पार्टिशनवर फुंकत होता. पंधरा दिवसांत खालच्या वीतभर भागावर पांढरी बुरशी आली. फडक्याने पुसली, दोन दिवसांनी परत. बोटाला खरखरीत लागली तेव्हा कळलं, बुरशी नाही, क्षार. दमटपणाने आतली औषधं विरघळून बाहेर येत होती. जी बाहेर आली ती आगीला काय रोखणार! साध्या लोखंडी स्क्रूंच्या डोक्यांवरही तांबूस गंज धरला. हे दुकानदाराने सांगायला हवं होतं. आतल्या वापराचं प्लाय आहे, पाणी लागू देऊ नका, एवढं एक वाक्य.

गिऱ्हाइकाच्या बाजूला मी हौसेने सनमायका लावला, ही चूक माझी. तो पेटतोच, आतलं प्लाय कितीही चांगलं असलं तरी.

खरी आग अजून लागलेली नाही, त्यामुळे तिथला अनुभव सांगता येत नाही. कूलर खिडकीकडे वळवला आहे, मिस्त्रीला स्टेनलेसचे स्क्रू आणायला सांगितलेत. खालची वीतभर पट्टी कापून नवी बसवायची, तेवढ्यासाठी तो कधीपासून “उद्या येतो” म्हणतोय.