दह्याचं माप आणि माझा वजनकाटा : आठ महिन्यांनंतर

काटा घेतला होता दिवाळीत, भाजणीसाठी. साडेचारशे रुपयांचा साधा डिजिटल, पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा. भाजणी झाली आणि मग तो अडकला तो दह्यात.

सुरुवात नणंदेच्या केकपासून. ती न्यू जर्सीत असते, तिच्या कृतीत 'एक कप दही'. मी आपला चहाचा कप भरून घातला आणि केक कोरडाठक्क. तिकडचा कप म्हणजे साधारण 240 मिली, आणि तेवढं साधं दही भरतं 245 ग्रॅम. माझा चहाचा कप पाण्याने भरून काट्यावर ठेवला, तर जेमतेम 140. म्हणजे निम्म्याच्या जरा वर दही घालून मी ओव्हनला दोष देत होते. आता सरळ 245 ग्रॅम मोजते, कप लागतच नाही.

दही पाण्यापेक्षा किंचित जड, मिलीला सुमारे 1.03 ग्रॅम. त्यामुळे चारशे ग्रॅमचं पाकीट मापाच्या भांड्यात ओतलं की 390च्या आसपासच दिसतं. आमच्याकडे यावरून 'दही कमी भरलंय' असा आरडाओरडा एकदा होऊन गेलाय. काट्यावर मिलीचं बटण आहे, त्यात पाणी आणि दूध अशी दोन चिन्हं येतात. दह्याला दुधाचं चालतं, कारण दुधाची घनताही जवळपास तेवढीच. पाण्याच्या चिन्हावर मात्र ग्रॅमचाच आकडा मिली म्हणून दिसतो. हे माहितीपत्रकात कुठेही नाही.

खरी गंमत पाडव्याला. आई श्रीखंड करते ते 'वाटीला वाटी', चक्का आणि साखर. मी हुशारी केली. किलोभर दही रात्रभर टांगलं, सकाळी 420 ग्रॅम चक्का निघाला, म्हणून साखरही 420 ग्रॅम. इतकं गोड झालं की मुलांनीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. आईला फोन केला, तर म्हणाली, "अगं, मी कधी वजन केलंय?" मग तिच्यासारखीच 150 मिलीची वाटी घेऊन दोन्ही मोजलं. चमच्याने दाबून भरलेला चक्का 155 ग्रॅम, सपाट भरलेली साखर 127. साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते, चक्का गच्च बसतो. म्हणजे आईच्या 'समप्रमाणात' साखर वजनाने जवळपास पाचव्या हिश्श्याने कमीच असते, आणि माझ्या पातेल्यात 75 ग्रॅम जास्त पडली होती. अक्षय्य तृतीयेला 345 ग्रॅम घातली. आईच्या हातची चव, निदान गोडीपुरती तरी.

घोटलेल्या दह्याचं मात्र वाटीने काही खरं नाही. रवीने घुसळलं की हवा शिरते, तीच वाटी हलकी भरते. मॅरिनेशनला किंवा ढोकळ्याच्या पिठाला मी आधी वजन करते, मग घोटते.

आता तक्रारी. मोठं पातेलं ठेवलं की आकडा त्याच्याखाली लपतो, वाकून मान दुखते. वेलचीपूड, मीठ अशा दोन-तीन ग्रॅमच्या गोष्टींवर भरवसा नाही. चिमूट चिमूट टाकत राहिलं तर काटा हलतच नाही, एकदम टाकलं तर कळतं. दोन मिनिटं हात लावला नाही की बंद पडतो, आणि भांड्याचं शून्य केलेलं वजन विसरतो. चक्का खरवडायला उलथणं शोधत बसले की हमखास. शून्याचं बटण सहाव्या महिन्यात दह्याच्या ओघळाने चिकट झालं, आता अंगठ्याने दाबून धरावं लागतं. काट्याला हल्ली पारदर्शक पिशवी घालते, बटणं वरून दाबता येतात.

कढी आणि मठ्ठ्याला काटा काढत नाही. तिथे आंबटपणा बघून पाणी वाढवायचं असतं, आणि ते जिभेलाच कळतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बटणाचा.