खाणीच्या ढिगाऱ्यासाठी तयार मिश्रण आणि वाळ्याचे ठोंब : वर्षभराच्या वापरानंतर

बंद पडलेल्या शिसे-जस्ताच्या खाणीलगतच्या टाकाऊ ढिगाऱ्यावर आम्ही चुनखडीची भुकटी, कंपोस्ट आणि बायोचार (कमी हवेत भाजून केलेला काडीकचऱ्याचा कोळसा) यांचे हे तयार मिश्रण, तसेच त्याच पुरवठादाराकडचे वाळ्याचे ठोंब वापरले, त्याला आता वर्ष झाले. माल चांगला आहे. तक्रार आहे ती पोत्यावरच्या मजकुराबद्दल.

पोत्यावर सरसकट चौरस मीटरला 2 किलो अशी मात्रा छापली आहे. पहिल्या पट्ट्यात ती तंतोतंत पाळली. ठोंबांनी फुटवे धरले खरे, पण दोन महिन्यांत पाती टोकाकडून वाळू लागली आणि जमिनीवर तांबूस-पिवळा पापुद्रा धरला. ढिगाऱ्यात पायराइटसारखे गंधकयुक्त खनिज शिल्लक असले, की हवा-पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार होत राहते आणि सामू (pH) घसरला, म्हणजे आम्लता वाढली, की जस्त व कॅडमियम विरघळून मुळांशी येतात. सल्फाइडच्या रूपातले गंधक 1 टक्का असेल, तर ते आम्ल मारायला टनामागे सुमारे 31 किलो चुनखडी लागते. म्हणजे वरच्या 15 सेंटिमीटरच्या थरासाठी चौरस मीटरला साधारण 7 किलो, आणि तीही नुसती चुनखडी. दुसऱ्या पट्ट्यात गंधक तपासून वेगळी चुनखडी घातली, तेव्हा वाळा तगला. एक ठोंब उपटून पाहिला, तर बारीक मुळांचे जाळे मिश्रण मिसळलेल्या थरातच दाट होते; खाली मोजकीच जाड मुळे उतरली होती.

‘वाळा धातू शोषून जमीन स्वच्छ करतो’ हा दावा मात्र दिशाभूल करणारा आहे. वाळा बहुतांश धातू मुळांतच अडवतो, पात्यांत फारसे चढू देत नाही, आणि धूळ व वाहून जाणारी माती रोखण्यासाठी नेमके तेच हवे असते. धातू जागीच राहतात. आर्सेनिक पानांत साठवणारे टेरिस व्हिटाटा हे नेचे वेगळे, पण त्याचीही कापणी वर्षानुवर्षे करावी लागते आणि कापलेल्या पाल्याची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रश्न असतो. शिवाय आर्सेनिक असलेल्या जमिनीत सामू वाढल्याने आणि कंपोस्टमधल्या फॉस्फेटमुळे ते अधिक मोकळे होऊ शकते, याबद्दल पोत्यावर अवाक्षर नाही.

बायोचारची पूड फार उडते, तेव्हा ती ओली करूनच पसरावी. मात्रेबद्दल पुरवठादाराला सविस्तर कळवले होते. पुढच्या खेपेच्या पोत्यांवरही तेच 2 किलो छापून आले.