फिजीतलं थ्रीडी ऑब्जेक्ट्स काउंटर: बरेच महिने वापरल्यावर

बडोद्यातल्या आमच्यासारख्या छोट्या लॅबला महागड्या इमेज सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नाही, म्हणून फुकट मिळणारं फिजी हे इमेज सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातलं थ्रीडी ऑब्जेक्ट्स काउंटर प्लगइन गेले कित्येक महिने रोज वापरतेय. आमचं काम म्हणजे हेपजीटू या यकृताच्या पेशींमधले, बॉडिपी ४९३/५०३ या चरबीला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने हिरवे दिसणारे चरबीचे थेंब मोजणं, आणि फोटो कॉन्फोकल मायक्रोस्कोपवरचे, थरावर थर घेतलेले.

सगळ्यात आधी हे सांगते की थर एकमेकांवर चपटे करून मोजू नका. बरेच जण मॅक्झिमम प्रोजेक्शन करून अ‍ॅनालाइझ पार्टिकल्स ही सपाट फोटोतले ठिपके मोजणारी कमांड चालवतात, पटकन होतं खरं, पण एकाखाली एक असलेले दोन थेंब एकच दिसतात, आणि चरबी जास्त साठलेल्या पेशीत हे जास्तच होतं, म्हणजे जिथे फरक दिसायला हवा नेमका तिथेच आकडा कमी येतो. हे प्लगइन मात्र व्हॉक्सेल, म्हणजे थ्रीडी पिक्सेल, थरांतूनही जोडत जातं, त्यामुळे पाच थरांत दिसणारा थेंब एकदाच मोजला जातो. २००६ चं, बोल्त आणि कोर्दलिएर यांचं आहे, जुनं आहे, पण अजून दणकट.

आता किमान साइझची, म्हणजे ज्याहून लहान ते गाळायचं त्या आकड्याची गोष्ट, यावर कुणी लक्ष देत नाही. तो आकडा मायक्रॉनमध्ये नसतो, व्हॉक्सेलमध्ये असतो, आणि आपोआप १० भरलेला येतो. आमचा पिक्सेल ०.१ मायक्रॉन आणि थरांमधलं अंतर ०.३, म्हणजे एक व्हॉक्सेल ०.००३ घन मायक्रॉन, त्या हिशोबाने अर्ध्या मायक्रॉनचा थेंब साधारण २२ व्हॉक्सेलचा. उद्या कुणी थरातलं अंतर बदललं की तोच १० वेगळ्या मापाचे थेंब गाळतो! म्हणून इमेज प्रॉपर्टीजमध्ये मापं बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही, असं मी नव्या मुलांना पहिल्या दिवशीच सांगते. उभ्या दिशेला कॉन्फोकलचं रेझोल्यूशन तसंही कमी असतं, थेंब ताणलेले दिसतात, तेव्हा व्हॉल्यूमचे आकडे आपसात तुलनेपुरतेच धरा.

थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजळ असलं की थेंब धरायचा ती मर्यादा, हाताने ठेवा, न रंगवलेल्या स्लाइडवरून ठरवा आणि सगळ्या सेटला तोच लावा. ऑटो लावलं तर दर फोटोला वेगळा निघतो, मग कंट्रोल आणि ट्रीटमेंटची तुलना करायची कशी?

स्पीड ठीक आहे, मोठ्या स्टॅकला, म्हणजे थरांच्या गठ्ठ्याला, मेमरी लागते. सगळ्या पायऱ्यांचा मॅक्रो रेकॉर्ड केला की संध्याकाळी फोल्डर लावून घरी जाता येतं, हे मला फारच आवडलंय.

खरी अडचण एकच, चिकटलेले थेंब. द्राक्षाच्या घडासारखे जमले की प्लगइन अख्खा घड एक धरतो. मॉर्फोलिबजे या दुसऱ्या प्लगइनमधलं, चिकटलेल्या वस्तू वेगळ्या करणारं थ्रीडी वॉटरशेड आधी चालवलं की बरेच सुटतात, सगळे नाही. आमची ज्युनियर काही पेशींतले थेंब सेल काउंटरने, म्हणजे क्लिक करून मोजायच्या प्लगइनने, थर वरखाली करत हाताने मोजते, कुठली स्लाइड कशाची हे तिला न सांगता, आणि सुट्या थेंबांत आकडे छान जुळतात. गच्च भरलेल्या पेशींसाठी आता आम्ही संख्या देतच नाही, पेशीमागे एकूण व्हॉल्यूम देतो.