घरातल्या टोमॅटोचं परागीभवन: टिचकी, कुंचला की इलेक्ट्रिक टूथब्रश?

घरात वाढवलेल्या टोमॅटोला फुलं भरपूर येतात, पण पुष्कळदा ती देठाच्या गाठीशी पिवळी पडून गळून जातात. आत ना वारा, ना भुंगे, त्यामुळे हे काम आपल्यालाच करावं लागतं.

कशानं करायचं, हे फूल नीट पाहिलं की कळतं. एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांचा पिवळा सुळका होतो आणि पराग त्या सुळक्याच्या आत सुटतात. ते कुक्षीवर, म्हणजे मादी भागाच्या टोकावर, पडायला फूल हलायला हवं, बस्स.

म्हणूनच कुंचला मला इथे सगळ्यात कमी पटतो. भोपळ्या-काकडीत नर फुलातले पराग मादी फुलावर न्यायचे असतात, तिथे तो हवाच. टोमॅटोच्या सुळक्यावरून बाहेरून फिरवून फारसं काही हाती लागत नाही. दोन जातींचा संकर करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

टिचकी फुकटची आणि चेरी टोमॅटोला बहुधा पुरेशी. घोसाच्या देठावर हलकेच मारायची, एक दिवसाआड, दुपारच्या सुमारास, पाकळ्या मागे वळलेल्या असताना.

मोठ्या फळांच्या जाती असतील तर मात्र इलेक्ट्रिक टूथब्रशच घ्या. ब्रशची पाठ फुलाच्या मागे देठाला दोन-तीन सेकंद टेकवायची. केस फुलाला लावायचे नाहीत, सुळका दुखावतो. उजेडाकडे बघून केलंत तर परागांची बारीक पिवळी धूळ उडताना दिसते. ती दिसली की काम झालं! बम्बलबी ही जाडसर, केसाळ माशीसुद्धा हेच करते: सुळका धरून अंग थरथरवते. मधमाशीला ते जमत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बम्बलबीच्या पेट्या विकत मिळू लागल्या, त्याआधी व्यावसायिक हरितगृहांत मजूर थरथरणारी कांडी घेऊन घोस न् घोस हलवत.

पंखा जोडीला असू द्या. तो दमटपणा कमी करतो, खोडही बळकट होतं. एकट्या पंख्यावर मोठ्या जाती सोपवू नका.

यातलं काहीही निवडलंत तरी आधी थर्मामीटर बघा. दिवसा ३२ अंशांच्या वर किंवा रात्री २४च्या वर पारा राहिला, तर पराग निकामी होऊ लागतात. हवा फार दमट असेल तर ते गोळा होऊन चिकटून बसतात. तेव्हा टूथब्रश विकत घेण्यापेक्षा कुंडी आधी थंड, हवेशीर जागी हलवा.