बिकानेरची बॉल क्ले: चाकावर उत्तम, पण प्रत्येक पोतं तपासून घ्या

स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या भांड्यांची माती स्वतः बनवायची असेल, तर मुख्य घटक म्हणून राजस्थानातल्या बिकानेर-कोलायत भागातली बॉल क्ले घ्यावी. कच्छची चायना क्ले भाजल्यावर जास्त पांढरी निघते, पण एकटी चाकावर उभी राहत नाही; भिंत ओढताना काठ फाटतो. गुजरातेतल्या थानची फायरक्ले भक्कम आहे आणि मोठ्या भांड्यांना उपयोगी पडते, पण ती भरड असते आणि पातळ काठाच्या कपाला जड जाते. बॉल क्लेचे कण अतिशय बारीक, त्यामुळे माती हाताला चिकट लागते आणि वाकवली तरी तडकत नाही. तोटा एकच, पण मोठा: खाणीतला थर बदलला की माल बदलतो, आणि पोत्यावरचं नाव तेच राहतं.

म्हणून नवं पोतं आलं की आधी १०० ग्रॅम पावडर पाण्यात कालवून २०० मेशच्या (इंचाला २०० भोकांच्या) चाळणीतून धुवा. वर राहिलेली रेती वाळवून तोला आणि मागच्या पोत्याशी ताडून पाहा. रेती वाढली असेल, तर चिकटपणा तेवढा कमी झाला असं समजा. मग या बॉल क्लेनेच मिश्रण करून त्याच्या पट्ट्या पाडा. ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि वाळल्यावर व भाजल्यावर पुन्हा मोजा. एकूण आकसणं ११ ते १३ टक्क्यांत बसलं तर ठीक.

कोन ६ (भट्टीच्या उष्णतेचं एक माप) साठी, म्हणजे १२२० ते १२४० अंशांच्या विजेच्या भट्टीसाठी, शंभर भागांत सुरुवात अशी करावी: बॉल क्ले ४०, चायना क्ले १५, पोटॅश फेल्डस्पार (भट्टीत वितळून माती घट्ट करणारं खनिज) २७, क्वार्ट्झ १८. १० किलोच्या घाण्याला ४ किलो, दीड किलो, २.७ किलो आणि १.८ किलो. वर १५० ग्रॅम बेंटोनाइट (अतिशय चिकट माती), तेही फेल्डस्पारमध्ये कोरडं मिसळून. नुसतं पाण्यात टाकलं तर त्याच्या गाठी होतात आणि त्या फुटत नाहीत. फेल्डस्पार घेताना पोटॅश की सोडा हे विचारून घ्या. सोड्याचा जास्त वितळतो, शिवाय मुरत ठेवलेल्या मातीत त्याचं सोडियम सुटतं आणि माती रबरासारखी होते: दाबली की हलते, आकार धरत नाही. तसं झालं तर १० ते २० ग्रॅम एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळवून १० किलोत मळा.

मिसळताना पावडर पाण्यात सोडायची, पाणी पावडरीवर ओतायचं नाही. १० किलोला १० ते ११ लिटर पाणी. बॉल क्ले पूर्ण कोरडी हवी. दमट ढेकळं पाण्यात विरघळत नाहीत, कोरडी आपोआप सुटतात. रात्रभर भिजू द्या, ८० मेशमधून गाळा, प्लास्टरच्या लादीवर आटवा, मळून पिशवीत बांधा आणि निदान दोन आठवडे मुरवा. पावडर हाताळताना श्वसनाचा मास्क लावाच आणि जमीन ओल्या फडक्याने पुसा. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात कायमची साठते.

मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी बोटाभोवती गुंडाळली की तडा जातो का, ते पाहा. गेला तर बॉल क्ले ५ ने वाढवा आणि चायना क्ले तेवढीच कमी करा. भाजलेली पट्टी तोलून ५ तास उकळा, पाण्यातच थंड होऊ द्या, पुसून पुन्हा तोला. वजन ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर कप पाझरेल. फेल्डस्पार ३ ने वाढवा आणि चायना क्लेतून कापा. क्वार्ट्झमधून कापू नका, ग्लेझला (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला) बारीक भेगा पडू लागतात.

अंगणातली काळी माती स्वस्त म्हणून यात मिसळायचा मोह टाळा. ती वाळताना फार आकसते, आणि तिच्यातल्या चुनखडीच्या खड्यांचा भट्टीत चुना होतो; तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि काही आठवड्यांनीही भांड्यावरची खपली उडवतो.

स्लिपसाठी, म्हणजे भांड्यावर द्यायच्या पातळ मातीच्या लेपासाठी, वेगळी माती शोधू नका. हीच माती कोरडी करून भिजवा आणि १०० मेशमधून गाळा. १०० मिलिलिटरचं वजन १४५ ग्रॅमच्या आसपास आलं की बुडवायला योग्य. कोरड्या वजनावर पांढऱ्यासाठी झिर्कोनियम सिलिकेट १०, तांबूस तपकिरीसाठी लोहाचा लाल ऑक्साइड ५ आणि निळ्यासाठी कोबाल्ट कार्बोनेट २ टक्के. भांडं लेदरहार्ड, म्हणजे अर्धवट वाळून चामड्यासारखं कडक असतानाच लावा. वाळताना स्लिपला भेगा पडल्या तर ती भांड्यापेक्षा जास्त आकसते आहे किंवा भांडं आधीच फार वाळलं आहे. भाजल्यावर काठाचे तुकडे उडाले तर उलट, ती कमी आकसली. तिथे थोडी बॉल क्ले वाढवा.

बिस्कवर, म्हणजे ग्लेझ न देता एकदा भाजलेल्या भांड्यावर स्लिप द्यायची असेल, तर चायना क्लेचा अर्धा भाग १००० अंशांवर भाजून वापरावा. भाजताना तिचं सुमारे १४ टक्के वजन पाणी होऊन जातं, म्हणून १०० ग्रॅमच्या जागी ८६ ग्रॅमच घाला.

१० किलोची तयार माती विकत मिळत असताना एवढा खटाटोप कोणी करावा? महिन्याला दोन-तीन पिशव्याच संपत असतील आणि माती आटवायला जागा नसेल, तर तयार माती घ्या. स्वतःचं ग्लेझ बसवायचं असेल, किंवा एकसारखी ताटं पुन्हा पुन्हा हवी असतील, तर बॉल क्लेचं पूर्ण पोतं आणा आणि त्यातलं किलोभर नमुन्यासाठी बाजूला काढून, तारीख लिहून ठेवा.