ट्रेकिंग सायकल, आल्प्सचा पायथा आणि मागचं चाक: सीझनभराच्या वापरानंतर

नव्या ट्रेकिंग सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक पहिल्याच सीझनमध्ये एकामागून एक तुटले, म्हणून मी दुकानाशी भांडत होते. त्यांचं शेवटचं उत्तर परवा आलं. मागच्या चाकाचे पैसे मिळणार नाहीत. त्यांच्या लेखी विषय संपला, म्हणून आता मी सविस्तर लिहिते. हीच सायकल घेऊन आल्प्सच्या पायथ्याने फिरायचा बेत बरेच जण करतात आणि ओळखीतून मला सारखी विचारणा होते.

आधी सायकलीची माहिती थोडक्यात. जर्मनीत ट्रेकिंग बाइक म्हणून मिळते तीच: गिअरच्या पुढे तीन चकत्या, मागे दहा, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढच्या चाकात डायनॅमो, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड. बाराशे युरो. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीच्या बहुतेक सायकलींना मशीनवर बांधलेलीच चाकं येतात, त्यामुळे माझा त्रास कुठल्याही नावाखाली निघू शकतो.

मी म्युनिकला राहते. मार्चपासूनचे मोकळे शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी याच सायकलीवर गेली. मुख्य रस्ता बोडनझे-कोनिग्सझे सायकलमार्ग (नावातलं ‘झे’ म्हणजे तळं). बोडनझेच्या काठावरच्या लिंडावपासून बेर्ख्टेसगाडेनपलीकडच्या कोनिग्सझेपर्यंत, ४०० किलोमीटरहून जास्त, आणि उजव्या हाताला सतत आल्प्स. मोठे डोंगर बाजूला राहतात म्हणून नकाशावर तो सपाट वाटतो. सपाट मुळीच नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडमातीच्या टेकड्यांवरून तो जातो. एकही चढ घाटाएवढा मोठा नाही, पण दिवसभर चढा, गावात उतरा, गाईंच्या कुरणातून पुन्हा चढा, हेच चालतं. आलगॉय भागात तर दोन टेकड्यांच्या मधे पाणी प्यायलाही सपाटी सापडत नाही.

इथे सायकलीचे गिअर कामाला येतात. पुढे २६ दात, मागे ३६ दात. पायडलच्या एका फेऱ्याला सायकल जेमतेम १.६ मीटर पुढे सरकते. बॅगा भरलेल्या असताना, संध्याकाळी पाय गळाले असताना, मी एकदाही उतरून सायकल ढकलली नाही. पुढे एकच चकती असलेल्या नव्या मॉडेलची फॅशन आहे. सामान घेऊन फिरणाऱ्यांनी हा खालचा गिअर मिळतो का ते आधी बघावं.

याच मार्गावरच्या फ्युसेन गावाबद्दल थोडं विषयांतर. नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा आणि समोर निळं तळं असा फोटो पाहून लोक निघतात. ते तळं म्हणजे फोर्गनझे, लेश नदीवरच्या धरणाचा जलाशय. १९५४ साली धरण पूर्ण झालं, फोर्गन नावाची वस्ती पाण्याखाली गेली, तिचंच नाव तळ्याला राहिलं. हिवाळ्यात तो रिकामा ठेवतात, म्हणजे वितळणाऱ्या बर्फाचं पाणी साठवायला जागा होते. एप्रिलमध्ये गेलात तर राखाडी चिखल आणि मधून वाहणारी नदी एवढंच दिसेल. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ बघायला जाणाऱ्यांना तसंही जायला आवडेल. मला आवडलं. पण भरलेलं तळं हवं असेल तर जून ते ऑक्टोबरचा मध्य.

आता चाक.

पहिला स्पोक बेनेडिक्टबॉयर्नहून बाड हाइलब्रुनकडे चढताना तुटला. टण्ण असा एक आवाज आला, मला वाटलं खडा उडाला. डिस्क ब्रेक असल्यामुळे रिम ब्रेकला घासत नाही, त्यामुळे चाकाला आऊट आलाय, म्हणजे ते वाकडं फिरतंय, हे पटकन कळत नाही. बऱ्याच पुढे गेल्यावर टायर मडगार्डला फेऱ्यागणिक एका जागी घासायला लागला तेव्हा उतरून पाहिलं. तुटला होता गिअरच्या बाजूचा स्पोक, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकातून बाहेर पडताना वाकतो त्याच कोपऱ्यात. त्या बाजूचा स्पोक बदलायला मागची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा जुडगा) काढावी लागते, त्यासाठी वेगळा पाना आणि चेन लावलेला दांडा लागतो. तो फिरस्तीच्या बॅगेत कोण ठेवतं? तुटका तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळला, समोरच्या बाजूचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल केले, मडगार्डपुरती फट झाली. तशीच हळूहळू बाड ट्योल्त्स गाठलं आणि रेल्वेगाडीने घरी.

(गाडीबद्दल: डॉइचलांडटिकिटात (लोकल आणि प्रादेशिक गाड्यांच्या मासिक पासात) सायकल धरलेली नाही, तिचं तिकीट वेगळं काढा. म्युनिकहून या भागात येणाऱ्या गाडीचे वाटेत भाग होतात. होल्त्सकिर्शेनला एक भाग बायरिशत्सेलकडे जातो, शाफ्टलाखला उरलेल्याचे दोन होतात, एक टेगर्नझेला आणि एक ट्योल्त्समार्गे लेंगग्रीसला. डब्यावरची पाटी वाचूनच सायकल चढवा.)

दुकानात ऐकलेलं पहिलं वाक्य: ‘वजन जास्त झालं.’ फ्रेमवरच्या स्टिकरवर एकूण १४० किलो लिहिलंय. सायकल १६, मी ६४, सामान १८. बेरीज ९८. ही बेरीज मी काउंटरवर त्यांच्याच कागदावर लिहून दिली. त्यांनी एक स्पोक घातला, आऊट काढला, सायकल परत दिली. काही आठवड्यांनी कीमझेला वळसा घालताना, अगदी सपाट रस्त्यावर, त्याच बाजूचा दुसरा गेला. पुन्हा एक स्पोक. मग तिसरा. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर येतो, आणि ते आधीच थकलेले असतात, हे दुकानातल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

माझं समाधान शेवटी शहराबाहेरच्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने केलं. त्याने आधी ताण मोजायचं यंत्र लावलंच नाही. चाक स्टँडवर चढवलं आणि बोटाने एकेक स्पोक छेडत गेला. गिअरच्या बाजूचे सगळे एका सुरात वाजायला हवेत. आमच्याकडे एक खणखणीत, शेजारचा भद्द, पुढचा दोन्हींच्या मधला. नंतर यंत्राने मोजलं तेव्हा आकड्यांनीही तेच सांगितलं. मला वाटायचं स्पोक जास्त ताणल्यामुळे तुटतो. होतं उलट. चाक फिरताना जमिनीकडचा स्पोक क्षणभर सैल पडतो आणि वर जाताना परत ताणला जातो. मुळातला ताण पुरेसा असेल तर हा फरक पचतो. स्पोक ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्याला तो पार सैल पडतो, कोपऱ्यात हलतो आणि धातू थकतो. मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायची म्हणून गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त उभे असतात आणि त्यांना ताणही जास्त लागतो. म्हणून ढिलाईची किंमत तिथेच आधी मोजावी लागते.

हे सगळं लिहून मी दुकानाला पत्र पाठवलं, दोन आठवड्यांची मुदत दिली. जर्मनीत विकणाऱ्यावर दोन वर्षं कायदेशीर जबाबदारी असते. २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या १२ महिन्यांत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. त्यांचं उत्तर आलं: स्पोक हा झिजणारा भाग आहे. ब्रेकचे पॅड झिजतात, चेन झिजते, टायर झिजतो. पहिल्याच उन्हाळ्यात स्पोक कसे झिजतात? त्यांनी नव्या चाकाला नकार दिला, मी २४० युरो घालून ३६ स्पोकांचं, हाताने बांधलेलं चाक करून घेतलं (मूळचं ३२ चं होतं). सायकलीच्या किमतीचा पाचवा हिस्सा! बाराशे युरोची वस्तू घेताना मी सहा महिने पैसे बाजूला टाकले होते, त्यामुळे या २४० चा सल जात नाही.

पण नव्या चाकानंतर सायकल बदलली हेही तितकंच खरं. ऑगस्टच्या शेवटी पूर्ण सामानानिशी केसलबेर्गचा घाट केला. खाली कोखेलझे ६०० मीटरवर, वर वाल्खनझे ८०० वर, मधली खिंड ८५८. शनिवार-रविवारी चढाच्या दिशेने मोटारसायकलींना बंदी असते, तेव्हाच जा. याच दोन तळ्यांमधल्या २०० मीटरच्या उतारावर १९२४ पासून वीज तयार होते, डोंगरावरून उतरणारे सहा जाड पाइप कोखेलच्या बाजूने स्पष्ट दिसतात. चाकाचा आवाज शून्य. घरी येऊन स्पोक छेडले, सूर होता तिथेच.

ब्रेकबद्दलचं मतही तिथेच फिरलं. डिस्क ब्रेक म्हणजे नसता खर्च, असं मी वसंतात सगळ्यांना सांगत होते. केसलबेर्गच्या ओल्या वळणांवर सामानाने भरलेली सायकल दोन बोटांत थांबते, तेव्हा तो खर्च पटतो.

बाकीचं भराभर. श्वाल्बे मॅरेथॉन टायर वेगळे घेऊन घातले, जड आहेत, पण इसार नदीकाठच्या खडीवरही पंक्चर नाही. ऑर्टलीबच्या मागच्या बॅगा दोन दिवसांच्या पावसात आतून कोरड्या. महाग, पण घ्याच. डायनॅमोच्या दिव्याला नावं ठेवायला जागा नाही. सीट बदलावी लागली. स्टँड ओल्या गवतात रुततो.

तर घ्यायची का? फ्रेम, गिअर, ब्रेक यासाठी घ्या. फक्त सामान लादून डोंगरात नेणार असाल तर दुकानातच मागचं चाक उचलून गिअरच्या बाजूचे स्पोक छेडून पाहा. कान तयार नसला तरी खणखणीत आणि भद्द यातला फरक कळतो. सूर जुळत नसतील तर ताण मोजून, सारखा करून, तसं बिलावर लिहून मागा. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर परत तपासून घ्या. बॅगेत केव्लरच्या दोरीचा तात्पुरता स्पोक ठेवा, तो कॅसेट न काढता बसतो. आणि दुकानदार यातलं काहीच करायला तयार नसेल तर किमतीतून चाकाचे पैसे वजा करून मागा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांना यंदाचा साठा काढायचा असतो, तेव्हा घासाघीस करायला जागा असते.